निळी स्क्रीन आणि ऑनबोर्ड रॅम : वहिनींच्या डीटीपी लॅपटॉपच्या नोंदी

५ एप्रिल २०२५

मशीन आधी लिहून ठेवतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घेतलेला पंधरा इंची लॅपटॉप, दहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी डीडीआर४ रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, आणि एकुलत्या एका स्लॉटमध्ये नंतर टाकलेली ८ जीबीची पट्टी. एकूण १२ जीबी. एसएसडी २५६ जीबी. विंडोज ११ होम. अशी अर्धी बोर्डावर, अर्धी स्लॉटमध्ये रॅम असलेली मशीन आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून या नोंदी सविस्तर ठेवतोय.

वापर वहिनींचा. जळगावात घरूनच डीटीपी करतात: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. दिवसभर कोरल (पानांची मांडणी करायचं सॉफ्टवेअर) उघडं, शेजारी मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि त्याचा यूएसबीला लावलेला लॉक, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली.

तक्रार: फेब्रुवारीपासून निळी स्क्रीन, म्हणजे काम चालू असताना विंडोज पडतं आणि निळ्या पडद्यावर कोड दाखवतं. आधी आठवड्यातून एखादी, आता दिवसातून दोन-तीन. लग्नसराई तोंडावर आहे, आणि प्रूफ पाठवायच्या वेळेलाच मशीन बसतंय. दुकानात दोनदा फॉरमॅट मारून झालं, दर खेपेला ५०० रुपये. फॉरमॅटनंतर चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. दुकानदाराचं म्हणणं, "पट्टी बदला, नाहीतर नवीन घ्या."

आज दुरुस्ती काहीच केली नाही, फक्त पुरावा गोळा व्हायची सोय लावली. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी. 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' वरची खूण काढली, म्हणजे निळी स्क्रीन वाचेपर्यंत थांबेल. डंप म्हणजे मशीन पडताना विंडोज लिहून ठेवतं ती मेमरीची नोंद. तिचा प्रकार 'स्मॉल मेमरी डंप' केला. विंडोजच्या फोल्डरमधलं मिनीडंप उघडलं तर रिकामं. एवढ्या वेळा मशीन पडलं आणि एकही डंप नाही, हे पटेना. कारण सापडलं: सी ड्राइव्हवर जागा राहावी म्हणून कुणीतरी पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) पूर्णपणे डी ड्राइव्हवर हलवली होती. मशीन पडतं त्या क्षणी विंडोज डंप आधी सी ड्राइव्हवरच्या पेजफाइलमध्ये लिहितं आणि पुढच्या बूटला तिथून उचलून फाइल बनवतं. तिथे पेजफाइलच नसेल तर लिहिणार कुठे? ती परत सी ड्राइव्हवर आणून 'सिस्टीम मॅनेज्ड' केली. 'जंक साफ करा' म्हणणारं एक सॉफ्टवेअर होतं तेही काढलं, कारण अशी सॉफ्टवेअरं डंप कचरा समजून उडवतात.

वहिनींना एक वही दिली. निळी स्क्रीन आली की वेळ, उघडलेलं काम आणि स्क्रीनवरचा कोड लिहायचा. फोटो काढला तरी चालेल, पण वेळ वहीतच.

९ एप्रिल

वही बोलू लागली. वहिनींचं अक्षर सुबक, नोंदी नेमक्या: "दुपारी ३.१०, कोरल, पत्रिकेची पीडीएफ काढताना, मेमरी मॅनेजमेंट." "दुपारी २, फक्त ब्राउझर, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया." "संध्याकाळी ५, काहीच चालू नव्हतं, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल." सकाळची नोंद एखादीच. हे तेव्हाच डोळ्यांत भरलं, पण त्याचा अर्थ पुढे लागला.

डंप ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये उघडले. फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. बहुतेक ठिकाणी दोषी म्हणून 'एनटीओएसकेआरएनएल' हे नाव. एकदा एनटीएफएस (डिस्कवरच्या फाइली सांभाळणारा विंडोजचा भाग), एकदा वायफायचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर), आणि दोनदा फॉन्टच्या लॉकचा ड्रायव्हर.

एनटीओएसकेआरएनएल म्हणजे विंडोजचा गाभा, खुद्द कर्नल. ते नाव दिसलं म्हणून विंडोज खराब आहे असं होत नाही. मशीन पडताना ज्याच्या हातात काम होतं त्याचं नाव तिथे छापलं जातं. ज्याने बिघडवलं तो बहुतेक वेळा वेगळाच असतो. इंटरनेटवर या फाइलचं नाव टाकून 'ती बदलून टाका' असे उपाय सापडतात. त्या वाटेला जाऊ नका.

लॉकचा ड्रायव्हर मात्र दोनदा आला आणि तो २०१६ चा आहे. संशय तिथे.

१२ एप्रिल

लॉकच्या ड्रायव्हरमागे हे दिवस गेले. निर्मात्याकडून नवा ड्रायव्हर मिळाला, जुना काढून तो टाकला, तरी दुसऱ्या दिवशी मशीन पडलं. मग ड्रायव्हर व्हेरिफायर चालू केला. हे विंडोजमध्येच असलेलं साधन निवडलेल्या ड्रायव्हरवर मुद्दाम जास्तीचा ताण आणि तपासणी लावतं, म्हणजे तो चुकला तर जागच्या जागी पकडला जातो. लावण्याआधी रिस्टोर पॉइंट केलाच पाहिजे आणि सेफ मोडमध्ये कसं जायचं हे कागदावर लिहून ठेवलं पाहिजे, कारण ड्रायव्हर खरंच खराब असेल तर मशीन बूट होतानाच पुन्हापुन्हा पडतं. मग सेफ मोडमध्ये जाऊन 'व्हेरिफायर /रीसेट' द्यावं लागतं.

व्हेरिफायर लावून पूर्ण दिवस काम केलं. मशीन गोगलगायीसारखं चाललं, वहिनींची एक स्मरणिका दुसऱ्या दिवसावर गेली. पण त्या ड्रायव्हरवर बोट ठेवणारा डंप आला नाही. शेवटी लॉकच काढून ठेवला, त्याचं सॉफ्टवेअरही काढलं, आणि दुपारी नुसतं ब्राउझर चालू असताना पुन्हा 'पेज फॉल्ट'. लॉक निर्दोष.

इथे एक गोष्ट आठवली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पडली, हा मायक्रोसॉफ्टचाच अंदाज. तेव्हाही कोड हाच, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. पण तिथे प्रत्येक मशीनवर, प्रत्येक वेळी, एकाच ड्रायव्हरचं नाव होतं. ड्रायव्हरचा दोष असतो तेव्हा असा एकसुरीपणा दिसतो. आपल्या वहीत कोड निराळे, फाइली निराळ्या, कामं निराळी. हे चित्र हार्डवेअरचं आहे.

१३ एप्रिल

आज विनडीबीजी हे डंप तपासायचं साधन टाकलं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळतं. डंप उघडून विश्लेषणाची आज्ञा द्यायची. पहिल्यांदा सिंबल्स (विंडोजच्या कोडातली नावं सांगणाऱ्या फाइली) उतरवायला नेट लागतं आणि वेळही बराच जातो.

कालच्या डंपच्या विश्लेषणात खाली एक ओळ आली: 'मेमरी करप्शन वन बिट'. विनडीबीजीने डंपमधला विंडोजचा कोड मूळ फाइलशी ताडून पाहिला आणि एका बिटाचा, म्हणजे एका ० किंवा १ चा, फरक सापडला. सॉफ्टवेअर गडबडतं तेव्हा सहसा मोठमोठे तुकडे चुकीचे लिहिते. लाखो बिटांच्या कोडात नेमका एकच बिट उलटणं हे रॅमचं लक्षण.

१४ एप्रिल

सुट्टी, म्हणून मशीन दिवसभर माझ्याकडे. रॅमकडे वळण्याआधी एसएसडीत दोष नाही ना ते पाहिलं. क्रिस्टलडिस्कइन्फोत प्रकृती 'गुड', चेकडिस्क साफ.

एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइली तपासणारी आज्ञा चालवली. खराब फाइली सापडल्या, दुरुस्त केल्या म्हणाला. मशीन बंद-चालू करून दुपारी पुन्हा चालवलं, तर पुन्हा खराब फाइली, आणि लॉगमध्ये नावं वेगळी. सकाळी नीट केलेलं दुपारी बिघडतं असं नसतं. वाचतानाच काहीतरी उलटंसुलटं होत होतं.

मग एक चाचणी केली, ती प्रत्येकाने करावी इतकी सोपी आहे. पाच-सहा जीबीची एक मोठी झिप फाइल घेतली आणि सर्टयूटिलच्या 'हॅशफाइल' आज्ञेने तिचा एसएचए२५६ हॅश काढला, म्हणजे फाइलचा ठसा, जो एक बिट बदलला तरी बदलतो. मशीन रीस्टार्ट करून पुन्हा काढला. रीस्टार्ट मध्ये हवाच, नाहीतर विंडोज दुसऱ्यांदा फाइल डिस्कवरून न वाचता रॅममधल्या साठवणीतूनच उचलतं. फाइलला कुणी हात लावलेला नाही. सकाळी दोन्ही उत्तरं सारखी आली. दुपारी अडीचला खोलीत पंखा आणि बाहेर जळगावचा एप्रिल, पारा चाळिशीच्या वर, तेव्हा तिसरं उत्तर पूर्ण वेगळं. चौथं पुन्हा पहिल्यासारखं.

पोटात धस्स झालं ते निळ्या स्क्रीनमुळे नाही. याच मशीनवर वहिनींनी दोन महिने फाइली सेव्ह केल्यात. मशीन पडलं तर निदान कळतं. न पडता फाइलीत एखादा बिट उलटून गेला तर कळतही नाही. मार्चमध्ये एका पत्रिकेच्या पीडीएफमध्ये गणपतीच्या चित्रावर आडवा हिरवा पट्टा आला होता आणि प्रेसवाल्याने फोन करून सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांनी कोरलला बोल लावला.

आजपासून या मशीनवर नवीन काम बंद. वहिनी माझ्या लॅपटॉपवर करतील.

१५ एप्रिल

विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक सकाळी चालवलं. निकाल: दोष नाही. याच निकालावर खूप जण रॅमला सोडून देतात. त्याची नेहमीची चाचणी आटोपशीर असते, आणि मी ती थंड मशीनवर चालवली होती. मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासायचं साधन रात्रभर चालवायचं ठरवलं.

त्याआधी एक मोठा खड्डा, नीट वाचा. मेमटेस्टचा पेनड्राइव्ह बूट होईना, कारण बायॉसमध्ये (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) सिक्युअर बूट चालू, आणि ते अनोळखी सॉफ्टवेअरला बूट होऊ देत नाही. ते बंद करायला गेलो आणि थांबलो. विंडोज ११ होमवरही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, आपोआप चालू झालेलं असू शकतं. तसं असताना सिक्युअर बूट बदललं की पुढच्या बूटला विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज सेटअप केलं त्या खात्यात साठवलेली असते. आणि इथे खातं कुणाचं? दुकानदाराने फॉरमॅट केल्यावर स्वतःचाच ईमेल टाकलेला. म्हणजे बायॉसमध्ये एक बदल केला असता तर वहिनींचा सगळा डेटा दुकानदाराच्या खात्यातल्या किल्लीवर अडकला असता.

म्हणून क्रम असा घ्या. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई'ला सी ड्राइव्हचे प्रोटेक्टर्स विचारा, ४८ अंकी की तिथेच दिसते. ती कागदावर उतरवून घ्या. मग सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा, डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. खातं बदला. त्यानंतरच बायॉसला हात. माझा अख्खा दुपारचा वेळ यात गेला, पण यातली एकही पायरी गाळू नये.

१६ एप्रिल

मेमटेस्ट रात्री अकराला लावला. १२ जीबीची एक फेरी तासा-दीड तासाची. सकाळी पाहिलं तर पहिल्या फेऱ्या स्वच्छ, नंतरच्या एका फेरीत थोड्या चुका. बंद न करता तसाच चालू ठेवला. दुपारी एकनंतर लाल ओळींची रांग लागली.

ओळ अशी दिसते: कुठला पत्ता (रॅममधली जागा), काय अपेक्षित, काय मिळालं. अपेक्षित खान्यात एफ, एफ, एफ अशी लांब रांग. मिळालेल्या खान्यात तीच रांग, पण एका जागी एफऐवजी बी. एफ म्हणजे चार बिट ११११, बी म्हणजे १०११. एक लिहिला, वाचताना शून्य मिळाला. सगळ्या चुकांत तोच एक बिट, आणि पत्ते एकमेकांच्या आसपासचे. गरम झालं की तो कोपरा आपला १ धरून ठेवू शकत नाही. वहीतल्या दुपारच्या वेळांचा अर्थ इथे लागला. फॉरमॅटनंतर चार दिवस बरं का चालायचं तेही कळलं: रॅममधला तो कोपरा रोज कामाला येतोच असं नाही, मशीनवर काम हलकं असेल तर विंडोज तिथवर पोचतच नाही.

१७ एप्रिल

प्रश्न उरला, दोष पट्टीत की बोर्डावर.

मागचं झाकण उघडलं. स्क्रू दोन लांबीचे आहेत, कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या त्या जागी ठेवले. दोन स्क्रू मागच्या रबरी पायाखाली लपलेले. तो पाय हलकेच उचलला नाही आणि झाकण ओढलं तर प्लास्टिकचे खटके तुटतात. आत गेल्यावर पहिलं काम, बॅटरीची पिन काढणं. मग पट्टी दोन्ही बाजूंचे चिमटे सोडवून काढली.

नुसत्या ४ जीबी ऑनबोर्ड रॅमवर मेमटेस्ट लावला: दुपारी चुका, तोच बिट. पट्टी माझ्या लॅपटॉपमध्ये घालून रात्रभर चालवली: एकही चूक नाही.

म्हणजे पट्टी ठणठणीत. 'पट्टी बदला' हा सल्ला ऐकला असता तर पैसे जाऊन मशीन तसंच पडत राहिलं असतं. दोष बोर्डावर सोल्डर केलेल्या चिपमध्ये आहे, जी काढता येत नाही.

१९ एप्रिल

आज चौकश्या. सर्व्हिस सेंटरला वॉरंटी संपलेली, चिप बदलत नाहीत, पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल. सांगितलेला आकडा १९,५००. या वयाच्या लॅपटॉपवर तो घालण्यात अर्थ नाही. गोलाणी मार्केटमध्ये चिप लेव्हल काम करणाऱ्या एकाने रॅमची चिप काढून दुसरी बसवायचे ४,५०० सांगितले. माणूस सरळ वाटला, कारण त्याने स्वतःहून सांगितलं, "भाऊ, चिप गरम करून काढताना शेजारची गेली तर बोर्डच बसेल. गॅरंटी देणार नाही." बायॉसमध्ये ऑनबोर्ड रॅम बंद करण्याची सोय शोधली, या मॉडेलमध्ये नाही.

उरलेला मार्ग: खराब तुकडा तसाच राहू द्यायचा आणि विंडोजला सांगायचं, इथे जाऊ नकोस. विंडोजच्या बूट सेटिंगमध्ये 'बॅडमेमरीलिस्ट' नावाची सोय आहे. रॅमची खराब पानं, म्हणजे खराब छोटे तुकडे, तिथे लिहिली की विंडोज ती वापरत नाही.

२० एप्रिल

पहिला प्रयत्न फसला, आणि का फसला ते महत्त्वाचं आहे.

मेमटेस्ट८६ प्लसमध्ये एफ१ दाबून चुका दाखवायची पद्धत 'बॅड पेजेस' करता येते. मग तो थेट पान क्रमांक देतो. नाहीतर हाताने करा: एक पान ४ केबीचं असतं, म्हणून पत्त्याचे शेवटचे तीन हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांचे) अंक उडवले की पान क्रमांक उरतो. समजा पत्ता १ए३एफ२सी५ई८ असेल, तर पान १ए३एफ२सी.

माझ्याकडे १७ तारखेची, पट्टी काढून केलेल्या चाचणीची पानं होती. तीच यादीत घातली, पट्टी परत बसवली, आणि दुपारी मशीन पडलं. कारण पट्टी बसवल्यावर पत्त्यांची मांडणीच बदलते. ४ जीबी बोर्डावर आणि ८ जीबी स्लॉटमध्ये असली की पहिले ८ जीबी दोन्हीकडे आलटून पालटून वाटले जातात, वेगासाठी, आणि उरलेले ४ जीबी एकट्या पट्टीवर. चिपमधला तोच खराब कोपरा पट्टी नसताना एका पत्त्यावर असतो आणि पट्टी असताना दुसऱ्याच. म्हणून मशीन पुढे ज्या अवस्थेत वापरायचं आहे, त्याच अवस्थेत मेमटेस्ट करून पानं काढा. पुढे कधी पट्टी बदलली तर ही यादी रद्द समजून सगळं पुन्हा.

२२ एप्रिल

पट्टी बसवून रात्र आणि पूर्ण दुपार मेमटेस्ट. खोलीतला कूलर मुद्दाम बंद ठेवला. सगळी खराब पानं २ एमबीच्या एका टापूत आली. सापडलेली तेवढीच न घालता पूर्ण टापू वगळायचं ठरवलं, कारण आज तग धरणारा शेजारचा बिट मे महिन्यात धरेलच असं नाही. २ एमबी म्हणजे ५१२ पानं. १२ जीबीपुढे काहीच नाही.

५१२ क्रमांक हाताने लिहिले तर चूक होणारच. एक्सेलमध्ये दशमानाचं हेक्स करणारं सूत्र आहे, त्याने ओळीने काढले, प्रत्येकापुढे शून्य-एक्स लावलं, मध्ये एक जागा सोडून जोडले. कमांड प्रॉम्प्टमध्ये एका ओळीत ८,१९१ अक्षरं मावतात, आपली त्याच्या आत बसली. टापू याहून बराच मोठा असेल तर ही मर्यादा आडवी येते, हे ध्यानात ठेवा.

आज्ञा: ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिट (बूटची सेटिंग बदलायचं साधन), सेट, महिरपी कंसात बॅडमेमरी, मग बॅडमेमरीलिस्ट, पुढे सगळी पानं. अर्थात टाइप इंग्रजी अक्षरांत करायची. पॉवरशेलमध्ये करत असाल तर महिरपी कंसाचा भाग अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर पॉवरशेल कंसाचा भलताच अर्थ घेतं आणि आज्ञा फसते. माझी अर्धा तास हीच अडचण चालली होती. एन्क्रिप्शन आणि सिक्युअर बूट आधीच बंद होतं, ते तसं असणं इथेही लागू शकतं.

रीस्टार्ट करून बीसीडीएडिटला पूर्ण यादी दाखवायला सांगितली. 'रॅम डिफेक्ट्स' नावाच्या भागात सगळी पानं ओळीने उभी.

२६ एप्रिल

ऐन दुपारी, कूलर बंद, कोरलमध्ये वहिनींची सर्वांत जड स्मरणिका, ब्राउझरमध्ये व्हिडिओ, आणि मागे मोठ्या झिपचे हॅश पुन्हापुन्हा. सगळे सारखे आले. मशीन पडलं नाही.

मेमटेस्ट मात्र अजूनही चुका दाखवणार, घाबरू नका. तो विंडोजच्या बाहेर चालतो, त्याला आपली यादी माहीत नाही. इथून पुढे त्याचा उपयोग एवढाच, की टापूबाहेर नवीन पान आलं का ते पाहायचं.

आता विंडोजची डागडुजी. हे आधी केलं असतं तर खराब रॅममधून पुन्हा खराब फाइलीच लिहिल्या गेल्या असत्या, दुकानात दोनदा झालं ते हेच. डिझम या विंडोजच्याच दुरुस्तीच्या साधनातल्या रिस्टोरहेल्थने विंडोजच्या फाइलींचा मूळ साठा नीट केला, मग एसएफसी. पहिल्या फेरीत दुरुस्त्या, दुसरीत साफ, दुपारच्या तिसरीतही साफ. पूर्ण फॉरमॅट करायचं टाळलं, कारण फॉरमॅटमध्ये बूटची सेटिंग नव्याने बनते आणि यादी पुसली जाते. विंडोजच्या मोठ्या वार्षिक अपडेटनंतरही यादी जागेवर आहे का ते पाहायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

२८ एप्रिल

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम: फेब्रुवारीपासूनच्या फाइली तपासणं. वहिनी आणि मी दोघं बसलो. बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप होता, पण तो याच मशीनमधून गेलेला, त्यामुळे त्यावरही डोळे मिटून विश्वास नाही. प्रेसला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ कामाला आल्या, त्या तेव्हाच्या अवस्थेत गोठलेल्या. काही कोरल फाइली उघडल्याच नाहीत. त्यातली एक शाळेची, अर्धी बनलेली स्मरणिका. कोरल स्वतः जुनी प्रत 'बॅकअप ऑफ' नावाने ठेवतं, तिच्यातून बरीचशी परत आली. चौदा पानं वहिनींनी नव्याने लावली.

एका पतसंस्थेच्या अहवालातले आकडे त्यांनी छापील ताळेबंदाशी एकेक करून ताडले. मी म्हटलं, फाइल नीट उघडतेय, राहू द्या. म्हणाल्या, "भाऊजी, पत्रिकेवर पट्टा आला तर दिसतो. आकडा बदलला तर कुणाला दिसणार?" सगळे आकडे जुळले.

१७ मे

वहीत निळी स्क्रीन नाही. महिन्याची मेमटेस्ट आज केली. टापूच्या कडेला लागून एक नवीन खराब पान आलंय. यादी ३ एमबीपर्यंत वाढवली, ७६८ पानं, ओळ अजून मर्यादेत बसते.

म्हणजे चिप हळूहळू खालावतेय. यादीची सोय फक्त विंडोजसाठी आहे. बायॉस आणि सुरुवातीचा बूट तिच्याआधी चालतो, तिथे संरक्षण नाही. सिक्युअर बूट मेमटेस्टसाठी बंदच ठेवलंय आणि एन्क्रिप्शनही, म्हणून लॅपटॉप घराबाहेर न्यायचा नाही असं ठरलंय.

खर्च: दुकानातले दोन फॉरमॅट १,००० रुपये, बाहेरची डिस्क घरातलीच, स्क्रूड्रायव्हरचा संच ३५० रुपये. बुडालेलं काम वहिनींच्या हिशेबाने सात-आठ हजारांचं, ते खरं नुकसान.

७ जून

नवीन पान नाही. पाऊस झालाय, खोली गार आहे, त्यामुळे याला मी अजून पुरावा मानत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा दुपारची चाचणी.

लग्नसराई निभावली. दिवाळीच्या आधी डीटीपीसाठी दुसरं मशीन घ्यायचं नक्की झालं आहे. अट एकच, दोन्ही रॅम स्लॉटमध्ये हव्यात, बोर्डावर एकही चिप सोल्डर केलेली नको. दुकानदाराला मॉडेल विचारताना ही गोष्ट लेखी मागा, डब्यावर फक्त '१६ जीबी' एवढंच छापलेलं असतं. हा जुना लॅपटॉप पुतण्याला ऑनलाइन तासांसाठी जाईल. यादी पुन्हा घालायची आज्ञा आणि ७६८ पानांची फाइल त्याच्या डेस्कटॉपवर ठेवली आहे, एक छापील प्रत झाकणाच्या आत चिकटवली आहे.